पुंजाजी व इतर सात

आता मोटार सुरळीत चालू आहे, मोहवाडीच्या नळाला दोन वेळा पाणी येतं आणि माझं ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या मते वयाला शोभेल इतकंच आहे. तेव्हा झाला प्रकार सांगून टाकायला हरकत नाही. मागच्या वर्षी कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलून पावसापाण्याचं बोललो असतो.

सुरुवात माझ्या बोटामुळे झाली. साल दोन हजार चार. सरकारी नोकरांना संगणकाची परीक्षा सक्तीची झाली होती आणि आखाडा बाळापूरच्या आमच्या शाळेत ती पास झालेला पहिला मास्तर मी. कितव्या प्रयत्नात, हा प्रश्न अप्रस्तुत आहे. प्रमाणपत्र फ्रेम करून मी बैठकीत लावलं. त्या खिळ्याला आधी कॅलेंडर होतं. "आता गॅसचा नंबर कधी लावला ते कुठं लिहू?" एवढंच सपना म्हणाली. सपना माझी बायको. तिची अभिनंदन करायची पद्धत अशीच आहे.

त्याच तोऱ्यात मी आदिवासी वाड्यांवर संगणक शिकवण्याच्या एका नव्या योजनेच्या बैठकीला गेलो. साहेब वाड्यांची नावं वाचत होते आणि एकेक मास्तर ती वाडी घेत होता. मोहवाडीचं नाव आलं आणि सभागृहात पंखे ऐकू यायला लागले. मी तेव्हा शेजारच्या मास्तरला माउसचं उजवं बटण कोणत्या बोटानं दाबायचं ते समजावत होतो, आणि ते बोट नेमकं हवेत होतं. "शाब्बास! खिल्लारे सर," साहेब म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्यावर बोट खाली घेणं माझ्या स्वभावात नाही.

मोहवाडी कुणी का घेत नव्हतं ते परतीच्या वाटेवर बाकीच्या मास्तरांकडून कळलं. डोंगरकड्याच्या पुढे जीपने जायचं, जीप थांबली की चालायचं, आणि दम लागला की वर बघायचं. तिथं टेकाडावर आंध समाजाची तीस घरं दिसतात. वाडीत वीज नाही. मी योजनेच्या कार्यालयात जाऊन ही गोष्ट तिथल्या सोमेश्वर नावाच्या क्लार्कच्या कानावर घातली. सोमेश्वर अतिशय नम्र माणूस. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "सर, योजनेत वाडी मंजूर आहे. वीज हा दुसऱ्या खात्याचा विषय आहे."

तो दुसऱ्या खात्याचा विषय मी तीन महिने हाताळला. तो हाताळताना मला तातेरावांची मदत झाली, म्हणजे ती मी मागितली नव्हती. तातेराव आमचे शेजारी, तीस वर्षं तलाठी होते. निवृत्त झाल्यापासून ते कुंपणाशी उभे राहून दात घासतात आणि सल्ला देतात. "खिल्लारे, अर्जात निस्ता संगणक लिहू नका," तोंडातला ब्रश काढून ते म्हणाले. "संगणक व आनुषंगिक वापर असं लिहा. पुढं कामाला येतंय." मी लिहिलं. वीज खात्याने चार खांब उभे करून समाजमंदिराला जोडणी दिली. जोडणी तात्पुरती होती. पत्रात स्पष्ट म्हटलं होतं की केंद्र बंद झाल्यास ती तोडण्यात येईल.

आता संगणक वर न्यायचा. रूपसिंगच्या जीपमध्ये नेहमी बावीस माणसं असतात, त्या दिवशी वीस घेतली आणि दोन माणसांच्या जागी संगणक बसवला. मॉनिटरला सपनाची नवी गोधडी गुंडाळली होती. ती तिने दिली नव्हती, मी घेतली होती, आणि हा विषय आमच्या घरात अजून संपलेला नाही. जीप जिथं थांबली तिथं वाडीतली माणसं उभी होती. मी बैलगाडीची चौकशी केली. "गाडीत हिसके बसतेत," एक साठीची बाई म्हणाली. तिने पदराची चुंबळ केली, मॉनिटर गोधडीसकट डोक्यावर घेतला आणि हात सोडून टेकाड चढायला लागली. मी मागून "सावकाश, काचेचं आहे" असं ओरडत होतो. ती न वळता म्हणाली, "सर, तुमी बोलू नका, तुमाला दम लागून राहिला."

ही धुरपताबाई. वाडीत पेरणीची पहिली मूठ तिच्या घरची असते, हा त्यांचा पिढ्यांचा मान. त्यामुळे मी सगळं जोडून, खास तयार केलेलं भाषण करून, बटणाकडे बोट नेलं तेव्हा पुंजाजीने माझा हात हलकेच बाजूला केला. पुंजाजी वाडीचा कारभारी, बोलायला कमी आणि हाताला एकदम स्थिर. "पयली मूठ धुरपताआक्काची हाय," तो म्हणाला. धुरपताबाईने हात धुतले, पुसले, बटण दाबलं. पडदा उजळला. मला हे इतकं गोड वाटलं की मी त्यावर शाळेत परिपाठाला बोललो. पुढचं संकट त्या बटणातूनच येणार होतं, हे मला कसं कळावं?

पण त्या दिवशी पडद्याकडे बघणारा माणूस मी एकटाच होतो. बाकी सगळे छताकडच्या वायरीकडे बघत होते. आठवडाभराने मी वर गेलो तर वायर समाजमंदिराच्या खिडकीतून बाहेर पडून टेकाडाखाली गेलेली. विहीर खाली, वाडी वर. बाया दिवसाला तीन खेपा करायच्या, डोक्यावर दोन अन्‌ कडेवर एक. कधीतरी एका निवडणुकीच्या आधी वाडीला पाण्याची मोटार, पाइप आणि एक नळ मिळाला होता. वीजच नसल्यामुळे मोटारीवर सहा वर्षं कोंबड्या बसत होत्या. ती मोटार आता विहिरीवर होती. मी घाबरून वायरमनला विचारलं. त्याने माझाच अर्ज काढला आणि दाखवला, "आनुषंगिक वापर. मंजूर हाय की सर." तातेरावांना मी त्या दिवशी पेढे नेऊन दिले.

म्हणजे मोहवाडीत संगणक होता तोवर वीज होती आणि वीज होती तोवर पाणी वर चढत होतं. आणि संगणक राहायचा तर चार महिन्यांनी होणारी चाचणी पास व्हायला हवी होती. धुरपताबाईने हे सगळं माझ्याकडून दोनदा नीट समजावून घेतलं. मग स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "ह्या गुडघ्यांनी चाळीस साल पाणी वाहिलं सर. आता खाली जाणं व्हत न्हाई. तुमी शिकवा, आमी शिकतोत."

आठ जण पुढे आले. आता नावं पाठवायची. योजनेच्या अर्जात "उमेदवाराचे नाव" यापुढे एकच ओळ होती. मी ओळीकडे बघत ओट्यावर बसलो होतो आणि कुंपणापलीकडे ब्रश थांबला. "एवढं काय त्यात?" तातेराव म्हणाले. "तीस साल सातबारे लिहिले. खातेदार जास्त असले की पयल्याचं नाव लिहायचं अन्‌ पुढं 'व इतर' करायचं. सरकारला तेच समजतंय." मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "पुंजाजी व इतर ७".

महिन्याने प्रवेशपत्र आलं. एक. त्यावर उमेदवाराचे नाव, पुंजाजी व इतर ७. लिंग, पुरुष. वय, एक्केचाळीस.

मी रीतसर दुरुस्तीचा अर्ज केला. सोमेश्वरने खुर्ची दिली, पाणी दिलं. "सर, संगणकात नोंद झाली. आता नावात बदल करायचा तर मूळ उमेदवाराचा शाळा सोडल्याचा दाखला लागेल."

"पुंजाजीचा आणतो," मी म्हणालो.

"त्यांचा चालेल. 'इतर सात' यांचा पण लागेल."

"अहो, 'इतर सात' असं नाव कुणाचं असतं का?"

"तेच मी म्हणतो सर," सोमेश्वर हळहळून म्हणाला. "नाव तुमीच दिलंय."

त्या कार्यालयात मी एकंदर सात वेळा गेलो. प्रत्येक वेळी खुर्ची आणि पाणी मिळालं. तिसऱ्या खेपेला शिपाई मला "ते इतरवाले सर" म्हणून ओळखायला लागला. चौथ्या खेपेला मी टेबलावर हात आपटला. सोमेश्वरने पेपरवेटचा दगड उचलून कागदांवर ठेवला, कारण आपटण्याने ते उडाले होते. वीस वर्षं मी मुलांना अर्जलेखन शिकवतोय, आणि माझाच अर्ज त्या कार्यालयात एकमेकांना दाखवला जात होता. हे मी सपनाला सांगितलं नाही. तिला ते रूपसिंगच्या जीपमध्ये कळलं.

एक समाधान होतं. वर्ग अप्रतिम चालला होता. मी बोलायचो, म्हणजे संगणकाचा इतिहास, मेंदू आणि संगणक, शिक्षण आणि प्रगती वगैरे, आणि ते ऐकून घ्यायचे. मग पुंजाजी म्हणायचा, "झालं काय सर? मग आमी करतोत." आणि आठजण संगणकाला भिडायचे. माझे डोळे आनंदाने पाणावलेले असल्यामुळे असेल, पण कोण काय करतंय हे मी कधी बारकाईने बघितलं नाही. मी घड्याळ बघायचो. ग्रामसेवकाला लिहायचा अख्खा अर्ज ते अकरा मिनिटांत टाइप करून ठेवून द्यायचे. मला स्वतःला पंचवीस लागतात. "मोहवाडी पद्धत" या नावाने मी एक टिपणही लिहायला घेतलं होतं.

चाचणीला चार दिवस राहिले असताना मी सहज म्हणालो, "भागूबाई, आज जरा तुम्ही माउस धरा."

भागूबाई धुरपताबाईची थोरली सून. तिने चटका बसावा तसा हात मागे घेतला. "ते पुंजाजीभाऊचं हाय."

"बरं. पुंजाजी, तुम्ही ही चार अक्षरं टाइप करा."

"बायांच्या पातीत मी हात घालू काय?" पुंजाजी म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला होता.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि त्या उजेडात मला घाम फुटला. मोहवाडीत सगळी कामं सावडीने होतात. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे, आणि ज्याचं त्याचं काम ठरलेलं. एकाने औत हाकायचं, बायांनी चाड्यावर मूठ धरायची, एकाने मागून बी पडतंय का बघत चालायचं. निंदायला बसल्या की प्रत्येक बाईची आपली पात, आणि शेजारणीच्या पातीत खुरपं घालणं म्हणजे तिला काम येत नाही असं चारचौघांत म्हणणं. त्यांनी संगणकही तसाच वाटून घेतला होता. बटण चालू-बंद धुरपताबाईकडे. माउस पुंजाजीकडे, कारण औत त्याच्याकडे. कीबोर्डाच्या तीन पाती: डावी भागूबाईची, मधली आणि उजवी तिच्या दोन जावांची. जळबाची सून सातवी शिकलेली, ती मजकूर सांगणार. पुंजाजीचा धाकटा भाऊ पडद्यावर चूक बघणार. आणि लिहिलेलं जपून ठेवायचं काम, म्हणजे सेव्ह, जळबाकडे. वाडीच्या बियाण्याची कणगी त्याच्याच ताब्यात असते, त्यामुळे ठेवणीचं काम दुसऱ्याला देण्याचा प्रश्नच आला नाही. आपापल्या कामात एकेकजण इतका तयार होता की माझ्यासारख्याने गुरू करावा. आणि दुसऱ्याचं काम एकालाही येत नव्हतं.

"चाचणीत एकेकाला एकट्याला बसावं लागेल," मी म्हणालो.

"एकट्यानंच समदं करायचं?" धुरपताबाईने विचारलं. "मंग बाकीच्यानी काहून जायचं तिथं?"

पुढचे तीन दिवस मी जमेल ते सगळं केलं. शाळेतून रजा काढली. प्रत्येकाला वेगळं बोलावून सगळं शिकवायचा प्रयत्न केला. पुंजाजी एक अक्षर दाबायचा आणि भागूबाईकडे बघून "चुकलं गं माय" म्हणायचा. भागूबाईच्या हातात माउस आला की तिचा हात टेबलाच्या काठापर्यंत जाऊन तिथंच थांबायचा. धुरपताबाईने बटण द्यायला सपशेल नकार दिला. मी रागावलो. मी समजावलं. मी व्यक्तिमत्त्व विकासावर पाऊण तास बोललो. शेवटी धुरपताबाईच म्हणाली, "सर, तुमाला तकलीफ व्हऊन राहिली. घरी जा. व्हईल ते व्हईल." आणि ती उठून नळाखाली ठेवलेली घागर उचलायला गेली. घागर भरून वाहत होती. तिने ती लगेच उचलली नाही, नुसती बघत उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. त्या क्षणी मी माझं टिपण फाडून टाकायला तयार होतो, आणि घरी जाऊन ते खरंच फाडलं.

चाचणीच्या दिवशी सकाळी जीपमध्ये चढताना रूपसिंगने एक लिफाफा माझ्या हातात दिला. "सर, वो सोमेश्वर ने दिया. बोला, एकदम अर्जंट." आत आठ प्रवेशपत्रं होती. आठ नावं, आठ वयं, बायांच्या पुढे स्त्री. सात खेपांनंतर मी जिंकलो होतो. मी ती आठही दोनदा वाचली, लिफाफ्यात घातली, लिफाफा शर्टाच्या खिशात ठेवला आणि जीपमधल्या एकवीस माणसांना सांगितलं की चिकाटी असेल तर सरकारी काम होतं. वाडी नापास होणार होती हे मला माहीत होतं. पण निदान शुद्ध कागदांनिशी होणार होती. माणसाचं मन कुठं सुख शोधेल सांगता येत नाही.

चाचणी घ्यायला वरच्या कार्यालयातून पुनम मॅडम आल्या होत्या. तिशीच्या आत, चेहरा कडक, टेकाड चढून चपलेचा अंगठा तुटलेला. त्यांना पाणी दिलं. त्यांनी एक तांब्या संपवून दुसरा मागितला आणि भांडं रिकामं झालं. "आत्ता मोटार लावतो," म्हणून जळबा खाली विहिरीकडे गेला. मॅडमनी फाईल उघडली. मी खिशाकडे हात नेत पुढे झालो.

"हे काय आहे?" त्यांच्या हातात जुनं प्रवेशपत्र होतं. "पुंजाजी व इतर सात? हा उमेदवार एक आहे की आठ?"

"मॅडम, त्याचं असं आहे," मी सुरू केलं.

"मी तुम्हाला विचारलं नाही. माझ्या फाईलमध्ये नोंद एकच आहे. एक प्रवेशपत्र, एक चाचणी, एक निकाल. मी कागदाप्रमाणे चालणार." त्यांनी वर बघितलं. "बसवा तुमच्या उमेदवाराला."

मग पुंजाजी उठला. त्याच्यामागे भागूबाई उठली, तिच्या दोघी जावा उठल्या, धाकटा भाऊ उठला, जळबाची सून उठली, आणि सगळ्यांत शेवटी गुडघ्यावर हात देत धुरपताबाई. ते ज्याच्या त्याच्या जागेवर बसले. माझा हात खिशावर होता, तोंड उघडं होतं आणि वाक्य तयार होतं: मॅडम, दुरुस्ती झालेली आहे, ही घ्या आठ प्रवेशपत्रं. सात खेपांचं ते वाक्य होतं. धुरपताबाईने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीतून खाली गेलेल्या वायरीकडे बघितलं.

मी तोंड मिटलं.

"कोणत्या शहाण्यानं भरला होता हा अर्ज?" मॅडमनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"मास्तर आहात ना? मराठी शिकवता?"

"हो."

"एवढं कळलं नाही?"

मला किती कळतं ते सांगणारी किमान चार वाक्यं माझ्या घशापर्यंत आली. ती मी एकेक करून गिळली. "कार्यालयाच्या कामातलं मला फारसं समजत नाही मॅडम," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड वाक्य ते.

"मग तिकडे बसा. उमेदवाराशिवाय दुसऱ्या कुणी शब्द जरी बोललं तरी चाचणी रद्द. वेळ तीस मिनिटं. वाडीला एस.टी. यावी म्हणून आगारप्रमुखांना अर्ज."

धुरपताबाईने हात पुसून बटण दाबलं. पुंजाजीने माउस हातात घेतला आणि बाण पडद्यावरून असा सरळ गेला की त्याच्या औताची आठवण व्हावी. जळबाची सून सांगायला लागली, "महोदय, आमच्या वाडीला जीप सुदिक येत न्हाई," आणि तिन्ही पातींवर बोटं पडायला लागली. एक जाऊ थांबली की दुसरीची सुरू व्हायची. धाकटा भाऊ मधेच म्हणायचा, "मागची वेलांटी ऱ्हायली." मॅडम आधी खुर्चीत होत्या, मग त्या उभ्या राहिल्या, मग पुंजाजीच्या मागे येऊन वाकल्या. चौदाव्या मिनिटाला अर्ज पुरा झाला. खाली "आपले नम्र" आणि आठ नावं.

आणि सगळे थांबले.

सेव्ह जळबाकडे होतं, आणि जळबा विहिरीवर होता.

"पुढे?" मॅडम म्हणाल्या.

"जळबा येऊ द्या," पुंजाजी म्हणाला. बाण सेव्हच्या चित्रापासून दोन बोटांवर होता. पुंजाजीचा हात माउसवर होता. नुसतं सरकवायचं आणि दाबायचं. मी भिंतीशी बसून डोळ्यांनी, भुवयांनी, मानेने जे जे सांगता येतं ते सगळं सांगितलं. पुंजाजीने माझ्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवली. त्याला वाटलं मला पोटात दुखतंय. भागूबाई दारात जाऊन ओरडली, "जळबाभाऊऽ, ठेवायचं हाय, या!" खालून काहीतरी उत्तर आलं. आणि नेमकी तेव्हा लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ बारा, घड्याळात बारा. टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करायला लागला. तो नवा असताना दहा मिनिटं टिकायचा. आता किती टिकेल ते एकट्या मला माहीत होतं, आणि मला बोलायची बंदी होती. मी शर्टाची कॉलर दातात धरली.

जळबा पळत आला नाही. तो त्याच्या चालीने आला. दाराशी चपला काढल्या. ओले हात धोतराला पुसले. "झालं लिहून बराबर?" त्याने धाकट्या भावाला विचारलं. "बराबर," भाऊ म्हणाला. मग पुंजाजीने उठून जागा दिली, जळबा बसला, माउसवर हात ठेवला, बियाणं कणगीत टाकताना बघावं तसं एकदा सगळ्या मजकुराकडे बघितलं आणि दाबलं. जपून ठेवलं गेलं. धुरपताबाईने आवरून बटण बंद केलं आणि यूपीएसचा आवाजही थांबला.

लाईट येईपर्यंत पाऊण तास मॅडम बसून राहिल्या, मग धुरपताबाईकडून संगणक पुन्हा चालू करवून त्यांनी जपून ठेवलेला अर्ज उघडला आणि पूर्ण वाचला. निकालाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "उमेदवार उत्तीर्ण." मी बसलो होतो तिथंच पाय लांब केले. भागूबाईने पदर डोळ्याला लावला. लाईट आल्याबरोबर जळबा खाली गेला होता, तिथून मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

टेकाड उतरताना मॅडम माझ्याजवळ थांबल्या. "खिशातला लिफाफा नीट ठेवा सर," त्या म्हणाल्या. "आमच्याच कार्यालयाचा दिसतोय. पडेल." आणि तुटक्या चपलेने पुढे गेल्या. ती आठ प्रवेशपत्रं सपनाने स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरली आहेत. गोधडीच्या बदल्यात तेवढं तरी, असं तिचं म्हणणं.

जोडणी कायम झाली. प्रमाणपत्र आलं, एकच, पुंजाजी व इतर ७ या नावाचं, आणि समाजमंदिरात फ्रेम करून लागलं. मी ते बघायला गेलो. बराच वेळ बघितलं. त्यावर साहेबांची सही होती, शिक्का होता, मार्गदर्शकाचं नाव घालायला जागाच नव्हती. धुरपताबाई बाहेर नळावर घागर लावून बसली होती.

"छान दिसतंय," मी म्हणालो. "माझं नाव कुठं नाही, एवढंच."

"नाव कामून पायजे? तुमी बी व्हता की सावडीत."

"माझं काय काम होतं?"

"गप बसायचं," धुरपताबाई म्हणाली. "लई अवघड काम तुमच्या वाट्याला आलं सर. पर बराबर केलं तुमी."

त्यावर बोलायला मी तोंड उघडलं, आणि मग माझं काम आठवून मिटलं.